काळोखवतनाचा सातवा भाग

कागद कोणताही असो, त्याचा जीव शेवटच्या परिच्छेदात असतो. वरचा मजकूर हा तिथवर पोचण्याचा रस्ता. पक्षकाराला काय हवे आहे आणि सरकारने काय करावे, हे 'सबब विनंती की' या शब्दांच्या पुढेच लिहिलेले असते. इंदापूरच्या तहसील कचेरीच्या भिंतीलगत, पत्र्याच्या शेडखाली टेबल टाकून मी बावीस वर्षे अर्ज लिहिले ते याच तत्त्वावर. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु माझा मसुदा हाती आला की कचेरीतले अव्वल कारकून चष्मा सारखा करून तो वाचीत, हे मी स्वतःच्या तोंडाने सांगणे शोभत नसले तरी खरे आहे. या तत्त्वाने मला एकदाच दगा दिला, आणि तो भालेराव सिस्टरांच्या बाबतीत. म्हणून हे लिहावयास घेतले आहे.

सुशीला भालेराव हे त्यांचे नाव. निमगाव केतकीच्या सरकारी दवाखान्यात त्यांनी तीस वर्षे परिचारिका म्हणून काढली, त्यामुळे लहानथोर त्यांना सिस्टरच म्हणत. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरचे कित्येक जण स्वतःची जन्मवेळ विचारायला त्यांच्याकडे जात आणि त्या ती सांगतही, 'तुझ्या टायमाला लाईट गेली होती' अशा पुराव्यासह. ठेंगणा, काटक बांधा. निळ्या काठाची पांढरी साडी. घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. कोणी काही सांगू लागले की त्या नकळत त्याचे मनगट धरीत. नाडी पाहण्याची ती जुनी सवय होती. समोरचा थाप मारू लागला तर बोटे तशीच ठेवून म्हणत, "पळायला लागली की रं तुझी." जिथे दिवसभर शपथेवर खोटे चालते अशा त्या आवारात त्यांच्याजवळ बसायला माणसे बिचकत, यात नवल नाही.

जवळ बसायला दुसरीही अडचण होती. माझ्या टेबलापुढच्या बाकावर त्या एका टोकाला बसत आणि शेजारी आपली हिरवी कापडी पिशवी ठेवीत. कोणी सरका म्हटले तर "माणूस येणार हाय" एवढेच उत्तर मिळे. एस.टी.तही तोच प्रकार. एकदा बाजारच्या दिवशी भरलेल्या बारामती गाडीत कंडक्टरने पिशवी मांडीवर घ्यायला सांगितली, तेव्हा सिस्टरांनी त्याला दुसरे तिकीट फाडायला सांगितले. कंडक्टर थट्टेने म्हणाला, "पिशवीचं नाव काय लावू, बाई?"

"मिलिंद भालेराव," सिस्टर म्हणाल्या.

कंडक्टर याच भागातला होता. त्याने पुढे काही विचारले नाही आणि तिकीटही फाडले नाही. मी त्या गाडीत मागच्या दारापाशी उभा होतो.

मिलिंद हा सिस्टरांचा एकुलता एक मुलगा. वालचंदनगरला नकाशे काढण्याच्या कामावर होता, लग्नाला वर्षही झाले नव्हते, आणि वाचनाचे वेड विलक्षण. नव्वदच्या सुमारास पुण्यातल्या एका प्रकाशकाने 'काळोखवतन' नावाची सात भागांची अद्भुत कादंबरी काढायला घेतली होती. वर्षा-दोन वर्षांनी एक भाग निघे. सूर्य उगवायचा थांबलेले राज्य, गादीसाठी एकमेकांचे गळे कापणारी घराणी आणि भागागणिक वाढत जाणारे मुडदे, असे तिचे एकंदर स्वरूप. तिसऱ्या भागाच्या अखेरीस अरिंद नावाचा एक तरुण, डोंगरापलीकडे अडकलेल्या माणसांना वाट दाखवण्यासाठी हातात कंदील घेऊन काळ्या खिंडीत शिरतो आणि दिसेनासा होतो. तो परत येणार, अशी मिलिंदची खात्री होती. जेवताना आईला आणि बायकोला तो हेच सांगत बसे. चौथा भाग पुण्याच्या दुकानांत आल्याचे कळले तेव्हा तो आणायला म्हणून एका रविवारी सकाळी तो भिगवण स्टेशनवर गेला. तिथे चहावाल्याने त्याला पाहिले. त्यानंतर कोणीही पाहिले नाही.

पोलिसांत वर्दी झाली, वर्तमानपत्रात फोटो आला, उजनीच्या पाण्यावर जाळी टाकणाऱ्यांकडे चौकशी झाली. या सर्वांचे अर्ज आणि पुढे दर महिन्याची स्मरणपत्रे माझ्याच हातची. गावाने मात्र आपला निकाल आधीच देऊन टाकला होता: पुस्तकांनी पोराचे डोके फिरवले. सिस्टरांच्या दिराने ते तिन्ही भाग बंबात घालायला काढले, तेव्हा सिस्टरांनी ते त्याच्या हातून घेतले. तोवर केसपेपर आणि वंदनेचे पुस्तक यांपलीकडे त्यांनी फारसे काही वाचलेले नव्हते. "पोरगं ह्याच्यात कुठं शिरलं ते बघते," असे म्हणून त्यांनी पहिला भाग उघडला.

त्या बोट ओळीखाली धरून वाचीत. बोट ओळीच्या टोकाला गेल्याशिवाय पुढची ओळ नाही आणि धडा संपल्याशिवाय उठणे नाही. पोलीस ठाण्यातून उत्तर येईपर्यंत माझ्या बाकावर त्यांची पानेच्या पाने होत. सोबत दोनशे पानी वही असे. दवाखान्यातल्या मृत्यूनोंदीप्रमाणे तीत रकाने आखलेले होते: अनुक्रमांक, नाव, वय, कारण आणि शेरा. कादंबरीत मेलेल्या प्रत्येकाची त्या नोंद करीत, मग तो राजा असो की पखालवाला. शेऱ्यात लेखकाची खरडपट्टी असे. 'मांडीची मोठी शीर तुटल्यावर सेनापती तीन पाने बोलतो. अशक्य.' 'विष पिऊन घाम नाही, उलटी नाही. चूक.' 'बाळंतीण दुसऱ्या दिवशी घोड्यावर. लेखक पुरुष.' कचेरीतला कोतवाल जाता-येता विचारी, "सिस्टर, आज किती गेलं?" त्या मान वर न करता सांगत, "अकरा. त्यात एक राजा."

हळूहळू आवारातल्या मंडळींना त्या कथेची गोडी लागली. साहेब जेवायला गेले की सिस्टर मागच्या महिन्यापासूनचे सांगत आणि स्टॅम्प विकणाऱ्यापासून तारखेला आलेल्या पक्षकारांपर्यंत सगळे ऐकत. चौथा भाग त्यांनी स्वतः आणला होता; भिगवणहून त्याच गाडीने पुण्याला जाऊन, दुकानादुकानात मुलाचा फोटो दाखवून. पाचव्या भागात धाकटा राजपुत्र एका किल्ल्यापायी सगळे घराणे कापून काढतो, तो प्रसंग सांगताना एक शेतकरी म्हणाला की वडिलार्जित आहे, सोडवत नसेल बिचाऱ्याला. सिस्टरांनी वही मिटली. "आमच्या सासऱ्यानं छप्पन्न साली देव बी सोडलं आणि वतनाची कामं बी सोडली. एका दिसात. ह्याला दगडाचा एक किल्ला सुटंना व्हय?" शेतकऱ्याने टोपी काढून पुन्हा घातली आणि पुढचे विचारले.

सहावा भाग लांबला तेव्हा त्यांनी माझ्याकडून प्रकाशकाला पत्र लिहवून घेतले. मी ते रीतसर लिहिले: 'विषय: सहावा खंड त्वरित मिळणेबाबत.' शेवटच्या परिच्छेदात, त्यांच्या मनातले ओळखले अशा समजुतीने, मी एक कलम आपल्या बुद्धीने घातले, की अरिंद यास सुखरूप परत आणण्याची लेखकमहाशयांनी कृपा करावी. पत्र वाचून दाखवताना सिस्टरांनी त्या ओळीवर बोट ठेवले.

"ही काढा."

मी म्हणालो, "सिस्टर, विनंती करायला काय जाते?"

"मी इनंती केली म्हणून त्यानं आणला, तर त्याचा मला काय उपेग? न सांगता येऊ द्या."

मी ओळ खोडली. माझ्या मसुद्यावर पक्षकाराने फिरवलेली ती पहिलीच काट होती.

मिलिंदची बायको नंदा ही बारामतीला प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. मूलबाळ नव्हते. आठवडाभर ती खोली घेऊन बारामतीत राही आणि शनिवारी निमगावला सासूकडे येई. दोघींचे एकमेकींवाचून चालत नव्हते, पण बोलणे कमी. सात वर्षे होत आली तेव्हा ती एकटीच माझ्या टेबलाशी आली. तिच्याच शाळेतल्या एका विधुर शिक्षकाने तिला मागणी घातली होती. कायद्याची तरतूद अशी, की एखाद्याची खबर ज्यांना मिळणे स्वाभाविक आहे, त्यांनाच ती सात वर्षे मिळाली नाही, तर तो माणूस मयत धरता येतो. आईपेक्षा अधिक स्वाभाविक दुसरे कोण? बारामतीच्या वकिलाने सांगितले होते की आधी आईचे प्रतिज्ञापत्र आणा. नंदाने सासूला विचारले होते. सासूचे उत्तर होते, "सातवा भाग येऊ दे. वाचून झाला की सही करते."

"त्यांना मी दुसऱ्यांदा विचारणार नाही, भाऊसाहेब," नंदा म्हणाली. "आणि त्यांच्या सहीशिवाय काही करणारही नाही. माझं वय बत्तीस आहे. तुम्ही तेवढं बघा." तिने हे सगळे उभ्यानेच सांगितले. बाकावर ती बसली नाही.

मी बघतो म्हणालो. या तालुक्यात मी बघतो म्हटलेले काम सहसा अडलेले नाही.

त्याच उन्हाळ्यात मी कामानिमित्त बारामतीला प्रांत कचेरीत गेलो असता, स्टँडजवळच्या पुस्तकांच्या दुकानात सातवा भाग नुकताच येऊन पडलेला दिसला. आधीच्या सहांपेक्षा तो जाड होता. मी तो घेतला आणि परतीच्या गाडीत, माझ्या सवयीप्रमाणे, शेवटची दोन पाने उघडली. तिथे राज्यात पुन्हा पहाट झालेली होती. गावाबाहेरच्या एका घराच्या दारात अरिंद येऊन उभा राहतो, हातात तोच कंदील. आतली म्हातारी चुलीजवळ त्याला जागा करून देते आणि कादंबरी संपते. मी पुस्तक मिटले. कादंबरी मला समजली, असे मला वाटले. विनंती मान्य झालेली होती.

दुसऱ्या दिवशी सिस्टर आल्या. मी पुस्तक पुढे ठेवले आणि बातमी मीच दिली पाहिजे या हौसेने सांगून टाकले, "सिस्टर, अरिंद परत येतो."

त्यांनी माझे मनगट धरले. घड्याळाकडे पाहत त्या पूर्ण एक मिनिट तशाच बसल्या.

"येतो?"

"दारात उभा आहे. कंदिलासकट. मी स्वतः वाचले."

त्यांनी हात सोडला. पुस्तक पिशवीत घातले, पिशवी शेजारी ठेवली आणि तिच्यावर दोनदा हलकेच थोपटले. त्या दिवशी त्यांनी कोतवालाला चहा पाजला. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना प्रथमच पाहत होतो, आणि त्याचे श्रेय मी मनातल्या मनात स्वतःकडे घेतले, हे इथे नमूद केले पाहिजे.

पंधरा दिवसांनी नंदा आली. तिने आवाज चढवला नाही, तरी शेजारच्या टेबलावरचा टंकलेखक थांबला. तुम्ही आईंना काय सांगितलंत, असे तिने विचारले. सिस्टरांनी सातवा भाग उघडलाच नव्हता. शेवट कळला, आता वाचायचे काय, असे त्या म्हणत. मिलिंदचे सगळे शर्ट त्यांनी पेटीतून काढून धुतले होते आणि इस्त्री करून खुंटीला लावले होते. सहीचा विषय त्यांच्या लेखी मिटला होता. ज्याची आई वाट पाहते तो मयत कसा, हा त्यांचा सवाल.

मी नंदाला समजावू लागलो की कादंबरीत तसे लिहिलेलेच आहे, मी माझ्या पदरचे काही घातलेले नाही.

"पहिल्या पानापासून वाचलीत?" तिने विचारले.

मी म्हणालो, तशी आवश्यकता नव्हती.

ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. माझ्या मसुद्याकडे कोणी कधी तसे पाहिलेले नव्हते. मग ती निघून गेली.

पुढचे मला नंतर समजले. नंदाने सासूशी वाद घातला नाही. शनिवारी निमगावला गेल्यावर तिने ती दोनशे पानी वही काढली, सातव्या भागासाठी रकाने आखले आणि वही सासूपुढे उघडी ठेवली. "आई, वही अपुरी राहिली," एवढेच ती म्हणाली. तीस वर्षे सरकारी नोंदवह्या भरलेल्या बाईला कोरा रकाना पाहवत नाही, हे ती जाणून होती. सिस्टरांनी त्याच दुपारी पुस्तक उघडले.

त्या आल्या तेव्हा पावसाळा सरत आला होता. नंदाची शाळा होती म्हणून एकट्याच आल्या. बाकावर नेहमीच्या टोकाला बसल्या, पिशवी शेजारी ठेवली आणि वही माझ्या पुढ्यात उघडली. वहीत सातव्या भागासाठी आखलेल्या पहिल्याच पानावर, ओळीने आलेल्या नावांत, त्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिले होते: 'अरिंद. वय एकवीस. थंडीने, खिंडीत, पहिल्याच रात्री.'

मी म्हणालो की यात काही घोटाळा आहे, शेवटी तो येतो.

"तो न्हाय येत," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी मला लहान मुलाला समजवावे तसे सांगितले. अरिंदने त्या रात्री एका पोरीला खिंडीबाहेर काढले आणि तो तिथेच गारठून मेला. पोरीने कंदील उचलला, दुसऱ्यांना आणायला ती परत आत गेली. लोकांनी तिलाही अरिंदच म्हटले. ती गेल्यावर कंदील तिसऱ्याने घेतला. पुढे जो कंदील धरील तो अरिंद, असा रिवाज पडला. शेवटच्या पानावर दारात उभा राहतो तो सहावा की सातवा. म्हातारी त्याला ओळखत नाही, तरी जागा करून देते.

"तुमी शेवटचंच पान वाचलं व्हय?"

मी हो म्हणालो.

"तरीच. नाडी सरळ चालली होती तुमची. खोटं बोलला न्हाईत. वाचलंच न्हाय."

मी पुन्हा वहीकडे पाहिले. अरिंदच्या ओळीपुढे शेऱ्याच्या रकान्यात दोनच शब्द होते: 'चूक नाही.'

"लिहा आता," त्या म्हणाल्या.

मी प्रतिज्ञापत्र लिहिले. आमच्या धंद्याचा दंडक असा, की सहीपूर्वी मजकूर पक्षकाराला वाचून दाखवायचा आणि खाली 'वाचून दाखविले, समजले, मान्य' असे लिहायचे. खरे सांगायचे तर बावीस वर्षांत मी सर्वांना शेवटचा परिच्छेदच वाचून दाखवत आलो. माणसांना घाई असते. त्या दिवशीही मी 'सबब' पासून सुरुवात केली.

"वरनं," सिस्टर म्हणाल्या. "सगळं."

मी पहिल्या ओळीपासून वाचले. मी खाली सही करणार, सुशीला, राहणार निमगाव केतकी. माझा मुलगा मिलिंद. वर्ण सावळा, उंची साडेपाच फूट, डाव्या भुवईवर जखमेचा व्रण. घरून निघताना अंगात निळा शर्ट, पायांत चामडी चप्पल. सिस्टर डोळे मिटून ऐकत होत्या. त्यांचे बोट टेबलाच्या फळीवर डावीकडून उजवीकडे सरकत होते आणि माझी ओळ संपली की मागे येऊन पुढच्या ओळीला लागत होते. शर्टापाशी ते थांबले.

"इस्त्रीचा निळा शर्ट," त्या म्हणाल्या. "तसं घाला. मीच केली होती."

मी समासात ते शब्द घातले आणि त्या दुरुस्तीपुढे त्यांची आद्याक्षरे घेतली. मग पुढचे वाचले: की तदनंतर आजतागायत त्याचे पत्र, निरोप वा खबर मला, म्हणजे त्याच्या आईला, मिळालेली नाही. हे वाक्य मी आजवर अनेकांसाठी लिहिले आहे. मोठ्याने वाचले ते तेव्हाच, आणि ते वाचायला मला दोनदा थांबावे लागले. सिस्टरांनी घाई केली नाही. वाचन संपल्यावर त्यांनी प्रत्येक अक्षर सुटे काढून सही केली, आत जाऊन साहेबांसमोर शपथ घेतली आणि कागद घडी न करता वहीत ठेवला.

पुढच्या वर्षी नंदाचे लग्न झाले. बारामतीच्या विहारात मुलीकडच्या बाजूला सिस्टर उभ्या होत्या, असे कोतवालाने येऊन सांगितले. मला आमंत्रण होते. कचेरीत तारखा होत्या म्हणून जाता आले नाही. स्मरणपत्रांचे काम उरले नव्हते, त्यामुळे त्या पुन्हा माझ्या टेबलाकडे आल्या नाहीत. म्हणून मला त्या शेवटच्या दिसल्या त्या सहीच्या दिवशीच, इंदापूरच्या स्टँडवर. पक्षकाराला गाडीत बसवून द्यायला मी त्यापूर्वी कधी गेलो नव्हतो.

बारामती गाडी भरली होती. सिस्टरांना पुढची खिडकी मिळाली. त्यांनी पिशवी शेजारी ठेवली आणि मी खाली उभा राहून पाहत होतो. कडेवर मूल आणि हातात गाठोडे घेतलेली एक बाई आत चढली, एकेक बाक पाहत पुढे आली आणि सिस्टरांजवळ थांबली. कोणी बसणार आहे का, असे तिने विचारले असावे. इंजिन सुरू झाले होते, मला ऐकू आले नाही. सिस्टर काही वेळ पिशवीकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी ती दोन्ही हातांनी उचलून मांडीवर घेतली आणि खिडकीकडे सरकल्या.